सगळे तयारी करून येतात, पण कशाची?

भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्याच्या ऑपरेशन्स हेड असलेल्या एका वाचक महिलेचे पत्र आले आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहे. हा कारखाना दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी मशीनिंगचे सुटे भाग बनवतो. पत्रलेखिका क्वालिटी विभागात बरीच वर्षे काम करून आठ महिन्यांपूर्वी या पदावर आल्या. दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता सात विभागप्रमुख आणि एमडी साहेब यांची बैठक होते. ती त्या चालवतात आणि तिचे मिनिट्सही त्याच लिहितात. प्रत्येक विभाग आपापल्या स्लाइड दाखवतो, निम्मा वेळ डिस्पॅचच्या शेड्यूलवर जातो, परचेसचे प्रमुख विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि तीन तासांनी सर्वजण थकून उठतात. मागच्या महिन्यात एका हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या भागाच्या) रिजेक्शनचा, म्हणजे बाद नगांचा, आकडा ३.८ टक्के की २.१ टक्के, यावर प्रॉडक्शन आणि क्वालिटी यांच्यात पाऊण तास वाद झाला. संध्याकाळी एमडी साहेबांच्या केबिनमध्ये कोणीतरी जाऊन बोलल्यावर सकाळी ठरलेली गोष्टही बदलली. अजेंडा त्या गुरुवारी रात्री व्हॉट्सॅप ग्रुपवर पाठवतात, पण तो कोणी वाचत नाही. त्या विचारतात, “कोणीच तयारी करून येत नाही. मोबाइल बाहेर ठेवायला लावावेत का, उशिरा येणाऱ्याला शंभर रुपये दंड लावावा का, बाहेरचा ट्रेनर बोलवावा, की ही बैठकच बंद करावी?”

नमस्कार.

तुमच्या पत्रातील ज्या वाक्याला तुम्ही गृहीत धरले आहे, त्यापासूनच सुरुवात करतो. कोणीच तयारी करून येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. रिजेक्शनच्या त्या वादात प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी रिवर्क (दुरुस्ती) होऊन पास झालेले नग वेगळे काढलेला तक्ता लगेच पुढे केला, आणि क्वालिटीच्या प्रमुखांनी ग्राहकाच्या तक्रारीचा मेल उघडून दाखवला. ही दोन्ही माणसे पूर्ण तयारीनिशी आली होती. त्यांची तयारी स्वतःच्या विभागाचा बचाव करण्याची होती. साहेबांसमोर आपले नाव निघाले तर हाताशी कागद असावा, एवढीच गरज या बैठकीने त्यांच्यापुढे ठेवली आहे आणि ती गरज ते चोख भागवतात. सात जण एकेक करून साहेबांपुढे हिशेब देत असतील, तर बाकीचे सहा जण आपली पाळी येईपर्यंत मोबाइल पाहणार आणि पाळी आली की सावध होणार, हे ओघानेच येते. म्हणून प्रश्न माणसांच्या शिस्तीचा आहे असे मानून उपाय शोधू नका. बैठक त्यांच्याकडून काय मागते, ते आधी बदलायला हवे.

याच कारणाने दंडाचा विचार मनातून काढून टाका, असे मी सांगेन. इस्रायलमधील हैफा येथील काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला होता. तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दंड सुरू झाल्यावर उशीर करणाऱ्यांची संख्या वाढली, आणि दंड मागे घेतल्यावरही ती पूर्वीच्या पातळीवर आली नाही. उशीर केल्याचा संकोच वाटत होता, त्याच्या जागी उशिराचे पैसे चुकते केल्याचे समाधान आले. तुमचे विभागप्रमुख शंभर रुपये सहज देतील आणि पुढच्या शुक्रवारी अधिक निवांत येतील. शिवाय त्यांतील काही जण तुमच्यापेक्षा वयाने आणि नोकरीनेही ज्येष्ठ आहेत. चार लोकांत त्यांच्याकडून पैसे वसूल करून तुमच्या हाती काही लागणार नाही.

आता वाराकडे वळतो, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. भोसरी परिसरात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे तुम्ही अजेंडा सुट्टीच्या रात्री पाठवता आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी सर्वांना एका खोलीत बसवता. शुक्रवारी सकाळी शॉप फ्लोअरवर काय चालू असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. गुरुवारी मेंटेनन्सने ज्या मशीन उघडलेल्या असतात, त्या सुरू करायच्या असतात, सेटअप करून पहिल्या नगाची तपासणी द्यायची असते, रजेवरून कोण आले आणि कोण आले नाही हे पाहून ऑपरेटरची जुळवाजुळव करायची असते. अशा वेळी दहा वाजता वरच्या मजल्यावर बसलेल्या प्रॉडक्शन प्रमुखाचे लक्ष खाली असणारच. त्यांचा मोबाइल बाहेर ठेवायला लावलात, तर एखादी लाइन बंद पडल्याचे त्यांना एक वाजता कळेल. बैठक शनिवारी दुपारी किंवा मंगळवारी घ्या. माझे मत मंगळवारच्या बाजूने आहे, कारण चालू आठवड्याचे चित्र तोवर स्पष्ट झालेले असते, ठरलेली गोष्ट करायला बुधवार हातात उरतो आणि तयारीसाठी शनिवार ते सोमवार हे कामाचे दिवस मिळतात. वाचकांपैकी जे शाळेत, रुग्णालयात किंवा पतसंस्थेत अशा बैठका घेतात, त्यांनीही आपल्या कामाच्या आठवड्यातील सर्वांत अडचणीची वेळ कोणती, हे एकदा तपासावे. अनेक ठिकाणी बैठक नेमकी त्याच वेळेला असते आणि कोणाला त्याचे कारण आठवत नाही.

डिस्पॅचचा विषय या बैठकीतून पूर्णपणे बाहेर काढा. आज कोणते नग जायचे, गाडी का थांबली, कोणत्या ग्राहकाची लाइन धोक्यात आहे, हे प्रश्न रोजचे आहेत आणि त्यांचे उत्तर आठवड्यातून एकदा देऊन भागत नाही. रोज सकाळी पाळी स्थिरावल्यावर शॉप फ्लोअरवरील बोर्डापाशी, उभ्यानेच, प्रॉडक्शन, क्वालिटी, स्टोअर आणि डिस्पॅच यांनी पंधरा मिनिटे बोलावे. त्यात एमडी साहेबांची गरज नाही आणि तुमचीही रोज गरज नाही. अशी रोजची भेट नसल्यामुळेच सगळ्या तुंबलेल्या गोष्टी शुक्रवारी एकदम येतात. तुमच्यासह नऊ माणसे तीन तास बसतात म्हणजे आठवड्याला सत्तावीस तास, एका माणसाचे तीन दिवसांहून अधिक काम. एवढी मोठी किंमत देऊन जे करायचे ते फक्त एकत्र बसूनच होण्यासारखे असले पाहिजे.

असे काय असते? मला वाटते, तुमच्या तयारीचा गाभा या एका प्रश्नात आहे. तुमचा सध्याचा अजेंडा तुम्ही पत्रासोबत जोडला आहे. त्यात ‘प्रॉडक्शन, क्वालिटी, परचेस, स्टोअर, मेंटेनन्स, एचआर, अकाउंट्स’ एवढे सात शब्द आहेत. ही विभागांची यादी झाली. ती वाचून कोणाला काय तयारी करायची ते कळत नाही, म्हणून कोणी ती उघडतही नाही. त्याऐवजी ज्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘यांपैकी हे’ असे देता येईल आणि जे उत्तर देण्यासाठी किमान तीन विभागांची माहिती लागेल, असा प्रश्न लिहा. आठवड्याला एक किंवा फार तर दोन. एकाच विभागाने ठरवण्याची गोष्ट असेल तर ती त्या विभागाकडे सोपवा, आणि नुसती माहिती असेल तर ती कागदावर आधी वाटा.

उदाहरण घेऊ. तुमच्या हाउसिंगचे कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूरच्या एकाच फाउंड्रीकडून, म्हणजे ओतकाम कारखान्याकडून, येते आणि मशीनिंग झाल्यावर ब्लोहोल (धातूतील पोकळ्या) निघतात, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. ‘कास्टिंगचा विषय’ असे अजेंड्यावर लिहिले तर क्वालिटी ब्लोहोलचे फोटो आणेल, परचेस फाउंड्रीशी झालेला पत्रव्यवहार आणेल आणि पुन्हा कोण चुकले यावर तासभर जाईल. त्याऐवजी असे लिहा: ‘हाउसिंगच्या कास्टिंगसाठी दुसरी फाउंड्री दिवाळीपूर्वी उभी करायची का?’ आता परचेसला दर आणि क्षमता सांगावी लागेल. क्वालिटीला सांगावे लागेल की पुरवठादार बदलला की पीपीएपी (भागाच्या मंजुरीसाठीची कागदपत्रे आणि नमुने) पुन्हा सादर करून ग्राहकाची मंजुरी घ्यावी लागते आणि त्याला किती आठवडे जातील. प्रॉडक्शनला नव्या कास्टिंगच्या ट्रायलसाठी मशीनचा वेळ काढावा लागेल, आणि अकाउंट्सला नव्या पॅटर्नचा (ओतकामाच्या साच्यासाठीच्या नमुन्याचा) खर्च कोठून करायचा ते पाहावे लागेल. यांतील एकही माणूस खोलीत नसेल तर उत्तर अपुरे राहते. असा प्रश्न बैठकीच्या लायकीचा.

या प्रश्नासाठी एक पान लिहून घ्यावे, आणि ते ज्याचा प्रश्न आहे त्यानेच लिहावे. या बाबतीत परचेसच्या प्रमुखांनी. वर प्रश्न, खाली सध्याची स्थिती चार ओळींत: महिन्याची गरज किती, गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष आले किती, मशीनिंगनंतर बाद झाले किती. मग पर्याय: आहे त्या फाउंड्रीसोबत सुधारणा करणे, दुसरी फाउंड्री आणणे, किंवा नव्या भागांपुरतीच दुसरी फाउंड्री वापरणे. प्रत्येक पर्यायापुढे खर्च, लागणारा वेळ आणि त्यात काय बिघडू शकते याची एकेक ओळ. त्याखाली संबंधित विभागांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, आणि ते एकमेकांशी जुळत नसेल तर तसेच्या तसे. शेवटी लिहिणाऱ्याची शिफारस आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा ते. हे पान मराठीत लिहायला सांगा. स्लाइडवरच्या तुटक इंग्रजी ओळींमागे अर्धवट विचार सहज लपतो, आणि तुमच्यातील ज्यांनी शॉप फ्लोअरवरून सुरुवात केली आहे त्यांना आपले म्हणणे मराठीत जास्त नेमके मांडता येते. पीपीएपी, रिवर्क, पॅटर्न हे शब्द जसेच्या तसे राहू द्या.

परचेसचे प्रमुख गप्प बसतात ही तुमची तक्रारही याच पानाशी जोडलेली आहे. गप्प माणसाला बैठकीत एकदम ‘तुमचे काय म्हणणे?’ असे विचारले की तो आणखी आवरून घेतो. त्यांना आधी दोन दिवस दिले, लिहायला एक पान दिले आणि त्यांच्या पानापासून बैठक सुरू झाली, तर त्यांना बोलण्यासाठी कोणाला अडवावे लागत नाही. फाउंड्रीवाल्यांशी रोज बोलणारे ते एकटेच आहेत, आणि कास्टिंगचे खरे दुखणे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

पान आधी पाठवले तरी काही जण वाचणार नाहीत, हे धरून चाला. अ‍ॅमेझॉन कंपनीत जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतील स्लाइड बंद केल्या आणि लेखी टिपण आणले. तेथे बैठकीच्या सुरुवातीला सर्वजण शांत बसून ते टिपण वाचतात. तुम्हाला एका पानासाठी पाच-सात मिनिटे पुरतील. पहिल्या वेळी ती शांतता सर्वांना अवघड वाटेल. ती मोडू नका. आपल्याकडच्या संचालक मंडळाच्या बैठकांनाही हाच विचार लागू आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार त्या बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते, आणि सचिवीय मानकानुसार अजेंड्यासोबत विषयांची टिपणेही तितकीच आधी द्यायची असतात. दर आठवड्याच्या बैठकीला कायद्याचे बंधन नाही, पण वाचल्याशिवाय ठरवू नये हा त्यामागचा हेतू येथेही तितकाच लागू पडतो.

आता आकड्यांविषयी. बैठकीत कोणताही आकडा कोणालाही पहिल्यांदा ऐकायला मिळता कामा नये, हा एवढा एकच नियम मी तुम्हाला कडक ठेवायला सांगेन. रिजेक्शनमध्ये रिवर्क धरायचे की नाही, हा व्याख्येचा प्रश्न आहे. तो क्वालिटी आणि प्रॉडक्शन यांनी तुमच्यासमोर बसून एकदाच मिटवावा आणि लिहून ठेवावा. माझ्या मते दोन्ही आकडे वेगळे दाखवावेत, कारण रिवर्क करून पास केलेल्या नगावरही मशीनचा वेळ आणि माणसाची मजुरी गेलेली असते, आणि तो लपला की खर्च कोठे जातो ते कळत नाही. त्यानंतर दर सोमवारी संध्याकाळी मागच्या आठवड्याचे आकडे एका पानावर बंद करायचे, दोन्ही प्रमुखांनी पाहून सही करायची, आणि त्यानंतर त्या आकड्यावर वाद नाही. तुम्ही स्वतः क्वालिटीतून आला आहात. त्यामुळे प्रॉडक्शनच्या प्रमुखांना तुम्ही त्या विभागाची बाजू घेता असे वाटत असण्याचा संभव आहे, मग ते खरे असो वा नसो. व्याख्या ठरवताना पहिले म्हणणे त्यांचे ऐका.

एमडी साहेबांचा भाग सर्वांत नाजूक आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. सकाळी ठरलेले संध्याकाळी बदलते, याचा अर्थ साहेब तुमचा मान राखत नाहीत असा तुम्ही लावला आहे. शक्य आहे. पण त्याआधी दुसरी शक्यता पाहा. त्यांना तो विषय सकाळी दहा वाजता प्रथमच कळतो, दोन फोन घेत घेत ते ऐकतात, खोलीत सर्वांच्या माना डोलताना पाहून होकार देतात आणि नंतर शांतपणे विचार केल्यावर शंका येते. नेमके त्याच वेळी ज्याला सकाळी बोलता आले नाही असा कोणीतरी केबिनचे दार वाजवतो. ज्याने स्वतःच्या पैशाने कारखाना उभा केला त्याला शंका येण्याचा अधिकार आहे. ती शंका बैठकीच्या आधी यावी, एवढी सोय तुम्ही करू शकता. सोमवारी त्यांच्याकडे अर्धा तास मागा. पान त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा की हा निर्णय ते स्वतः घेणार आहेत, की बैठकीवर सोपवणार आहेत, की किती रुपयांपर्यंत सोपवणार आहेत. ते स्वतः घेणार असतील तर त्यात काहीच वावगे नाही. बैठकीच्या सुरुवातीला तसे सांगून टाका, म्हणजे लोक आपण निर्णय देत नसून सल्ला देतो आहोत हे जाणून बोलतील. लोकांचा हिरमोड साहेबांनी ठरवल्यामुळे होत नाही. आपण ठरवले असे वाटून मग ते पुसले गेले की होतो. आणि त्यांना एक विनंती करा: चर्चेत त्यांनी सर्वांत शेवटी बोलावे. आपल्याकडे मोठ्या माणसाने मत दिल्यावर त्याच्या विरुद्ध बोलणे बहुतेकांना अशिष्ट वाटते, त्यामुळे साहेब पहिल्यांदा बोलले की तुमची चर्चा तेथेच संपते.

या सोमवारच्या भेटीत एक धोका आहे, तोही सांगतो. सगळे आधीच पक्के करून बैठकीत फक्त शिक्का मारायचा, असे होऊ लागले तर लोकांना ते दोन आठवड्यांत कळते आणि मग पान कोणी मनापासून लिहीत नाही. म्हणून साहेबांकडून उत्तर मागू नका. त्यांचे प्रश्न मागा, आणि ते प्रश्न पानावर लिहून सर्वांना दाखवा.

साहेबांनी अर्धा तास दिलाच नाही तर? तरीही पान आणि आकड्यांचा नियम तुमच्या हातात आहे, तेवढे करा. केबिनमध्ये निर्णय बदलला तर भांडायला जाऊ नका. पुढच्या बैठकीत ‘मागच्या आठवड्यात हे ठरले होते, आता हे ठरले आहे, कारण असे आहे’ एवढे साध्या शब्दांत लिहून वाचा. ते कारण साहेबांकडूनच विचारून घ्या. बदल उघडपणे नोंदवला जातो हे दिसले की केबिनचे दार वाजवणारेही विचार करू लागतात.

मिनिट्स तुम्ही लिहू नका. ‘तुमची भाषा चांगली आहे’ असे सांगून हे काम तुमच्यावर टाकले गेले, असे तुम्ही लिहिले आहे. नऊ माणसांत तुम्ही एकट्याच महिला आहात, हे मला येथे नोंदवावेसे वाटते. बैठक चालवणाऱ्याचे डोळे माणसांवर हवेत, कागदावर नकोत. विभागप्रमुखांनी महिन्या-महिन्याने आलटून पालटून ते लिहावे, आणि सुरुवात प्रॉडक्शनच्या प्रमुखांपासून करावी असे मी सुचवतो. लिहायचे ते थोडकेच: काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत. ‘प्रॉडक्शन आणि परचेस’ असे दोन विभागांचे नाव चालणार नाही, एका माणसाचे नाव हवे. तारीख त्या माणसानेच सांगावी. उठण्याआधी ते मोठ्याने वाचावे आणि त्याच संध्याकाळी सर्वांकडे जावे. तुमच्याकडे आयएटीएफचे (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे) प्रमाणपत्र आहे, म्हणजे मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये, व्यवस्थापनाच्या आढावा बैठकीत, काय काय पाहायचे याची यादी तुम्हाला पाठ असेल. आयएसओ ९००१ च्या त्या यादीत पहिलाच मुद्दा आधीच्या रिव्ह्यूमध्ये ठरलेल्या कामांची स्थिती हा आहे. ऑडिटपुरता हा क्रम न पाळता दर मंगळवारी पाळा. एखादे काम तीन वेळा पुढे ढकलले गेले तर त्या माणसाला बोल लावण्याआधी त्याला काय आडवे येते ते विचारा. बहुधा त्यामागे दुसऱ्या विभागाकडे अडकलेला एखादा प्रश्न निघतो, आणि पुढच्या पानाला विषय मिळतो.

ट्रेनरविषयी सांगायचे तर, आता नको. बाहेरचा माणूस दोन दिवस चांगले बोलेल, पण तुमची बैठक शुक्रवारी दहा वाजताच भरत राहील. बैठक बंद करण्याच्या विचाराला मात्र मी पूर्ण नाही म्हणणार नाही. ज्या मंगळवारी तसा प्रश्नच नसेल, त्या दिवशी बैठक रद्द करा आणि तसे सोमवारी कळवा. त्या वेळेत शॉप फ्लोअरवर फिरलेले बरे.

सर्व बदल एकदम जाहीर करू नका. या आठवड्यात रिजेक्शनची व्याख्या आणि रोजची उभ्याने भेट, पुढच्या आठवड्यात वार बदलणे, आणि त्यानंतर पहिले पान. पहिल्या पानासाठी कास्टिंगचा प्रश्न घेऊ नका, तो मोठा आहे आणि त्याचे फळ दिसायला महिने लागतील. ज्याचे उत्तर साहेबांच्या मनात अजून पक्के नाही, ज्यात दंड-दोषाचा जुना हिशेब गुंतलेला नाही आणि ज्याचा परिणाम महिनाभरात मशीनवर दिसेल असा प्रश्न निवडा. गुरुवारच्या मेंटेनन्ससाठी कोणत्या दोन मशीन बुधवारी दुपारीच मोकळ्या करून द्यायच्या, हा माझ्या दृष्टीने तसा प्रश्न आहे, कारण त्यात प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि डिस्पॅच तिघांनाही काहीतरी सोडावे लागते आणि शुक्रवारी सकाळी तिघांचाही त्रास कमी होतो. ते पान मेंटेनन्सच्या प्रमुखांकडून लिहून घ्या.